व्हिक्टोरिया डॉक, एक नंबरचा धक्का

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ज्याचा स्फोट झाला त्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाच्या पोटात काय काय भरलं होतं, याची यादी वाचताना अंगावर काटा येतो. सुमारे १,४०० टन दारूगोळा. त्यात टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे होते आणि जवळपास २४० टन माल सर्वांत नाजूक, म्हणजे लगेच भडकणाऱ्या वर्गातला होता. खोक्यांत बंद केलेली लढाऊ विमानं होती. ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा होत्या. तेव्हाच्या हिशोबाने आठ लाख नव्वद हजार पौंडांचं ते सोनं रिझर्व्ह बँकेसाठी निघालं होतं. आणि या सगळ्याच्या सोबतीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, भंगार लोखंड, तांदूळ आणि सुकी मासळी.

एकेका वस्तूत वावगं काही नव्हतं. युद्ध चालू होतं, जहाजं कमी होती आणि जागा मिळेल तिथे माल भरला जात होता. वावगी होती ती रचना. दोन नंबरच्या खणात तळाशी कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं! कापसाच्या गाठीला आग लागली तर ती बाहेरून दिसत नाही. ती आतल्या आत धुमसत राहते, पाणी मारलं तरी गाठीच्या गाभ्यापर्यंत ते पोचत नाही. कापसाच्या व्यापारावर मोठ्या झालेल्या मुंबई-कराचीला हे शिकवण्याची गरज नव्हती. कप्तान अलेक्झांडर नाइस्मिथ यांनी या मालाबद्दल तक्रार केली होती, पण युद्धकाळात अशा तक्रारीला किती किंमत असणार?

हे जहाज १९४२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रिन्स रुपर्ट इथे बांधलेलं, ७,१४२ टनांचं. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं. जिब्राल्टर, पोर्ट सैद करत कराचीला आलं आणि १२ एप्रिलला मुंबईत व्हिक्टोरिया डॉकच्या एक नंबरच्या धक्क्याला लागलं. शांततेच्या काळात स्फोटकं असलेलं जहाज गोदीत घ्यायचं नाही, बाहेर खाडीत उभं करून पडावांत माल उतरवायचा, अशी रीत होती. युद्धात ती सैल झाली. दारूगोळा असल्याची खूण म्हणून लाल बावटा चढवायचा, तोही या जहाजावर नव्हता. शेजारच्या जहाजांवरच्या लोकांना आपण कशाला खेटून उभे आहोत हे कळायला मार्ग नव्हता.

आता ही गोदी कशी होती, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. आजच्या वाचकाच्या डोळ्यासमोर बंदर म्हटलं की न्हावा-शेव्याच्या त्या आकाशाला भिडणाऱ्या कंटेनर-क्रेन येतात. १९४४ ची मुंबई वेगळी होती. पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची. त्यानंतर १८८० साली प्रिन्सेस डॉक सुरू झाला, १८८८ साली त्याला जोडून व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली दक्षिणेला अलेक्झांड्रा डॉक. या बंदिस्त गोद्या. मुंबईच्या समुद्राला भरती-ओहोटीचा फरक मोठा, उधाणाला चार मीटरच्या वर जातो. म्हणून गोदीला दरवाजे करून आत पाणी कोंडून ठेवायचं आणि भरतीच्या वेळी दरवाजे उघडून जहाजं आत-बाहेर करायची. याचा अर्थ असा की आत शिरलेलं जहाज मनात येईल तेव्हा बाहेर पडू शकत नाही. १४ एप्रिलला दुपारी व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस डॉकमध्ये उभी असलेली जहाजं एका अर्थी कोंडलेली होती.

धक्क्याच्या कडेने रूळ, रुळांवर क्रेन, क्रेनच्या मागे शेड, शेडमागे रेल्वेचे फाटे आणि त्याच्याही पलीकडे फ्रिअर रोड, म्हणजे आजचा पी. डिमेलो रस्ता. या जुन्या गोद्यांतल्या क्रेन पाण्याच्या दाबावर चालत. पंपघरात वाफेच्या जोरावर पाणी दाबून धरायचं, तो दाब टिकावा म्हणून उंच मनोऱ्यात प्रचंड वजन लादलेला दट्ट्या ठेवायचा आणि तिथून जमिनीखालच्या जाड नळांतून ते पाणी धक्काभर खेळवायचं. अशा यंत्रणेत दर चौरस इंचाला साधारण ७०० पौंड दाब असे. क्रेनचालकाने दांडा ओढला की पाणी नळकांड्यात शिरून दट्ट्या ढकलायचं. दट्ट्या हातभर सरकला की कप्प्यांवरून फिरवलेली साखळी कित्येक हात धावायची आणि गाठोडं खणातून वर यायचं. इंजिनाचा धूर नाही, ठिणगी नाही. कापसाच्या बंदरात ही गोष्ट फार मोलाची होती. पण या रचनेत एक मर्म होतं. सगळ्या क्रेन एकाच दाबावर जगत. क्रेन स्वतः धडधाकट उभी असली, पण तिच्यापर्यंत येणारा नळ कुठेतरी फुटला, की ती जागच्या जागी थिजली.

या क्रेनखाली राबणारी माणसं कोकणातून, घाटावरून, उत्तरेकडून आलेली. बहुतेक रोजंदारीवर. टोळीवाला सकाळी माणसं गोळा करायचा, मुकादम ती खणाखणांत वाटायचा. ज्याला काम मिळालं तो आत, ज्याला नाही मिळालं तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकावर. कोण आत गेलं याची नावनिशीवार पक्की नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटत नसे. हा तपशील पुढे लागणार आहे.

शुक्रवारी, १४ एप्रिलला दुपारी साडेबारा ते दीड जेवणाची सुट्टी होती. त्या तासात आसपासच्या जहाजांवरच्या काही जणांना ‘फोर्ट स्टिकीन’च्या वायुनळ्याकडून धुराची बारीक रेघ दिसली होती. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ज्याच्या जहाजावर धूर, त्याचं लक्ष असेलच असं त्यांना वाटलं. दीडनंतर माणसं कामावर परतली आणि दोन नंबरच्या खणात धूर दिसू लागला. आरडाओरडा झाला, जहाजावरचे आणि धक्क्यावरचे नळ लावले गेले.

इथून पुढची अडीच तासांची हकिगत फार काळजीपूर्वक वाचावी अशी आहे. कारण स्फोट चार वाजून गेल्यावर झाला, पण तो टाळण्याच्या वाटा त्याआधी एकेक करून बंद झाल्या.

पहिली गोष्ट टेलिफोनची. स्फोटकांच्या जहाजाला आग लागली तर बंबखान्याला कळवण्यासाठी एक ठरलेला संकेत होता. तो मिळाला की मोठ्या संख्येने बंब निघायचे. धक्क्यावरच्या अधिकाऱ्याने हा संकेत देण्यासाठी माणूस धाडला. पण जो फोन त्याच्या हाती लागला त्यावरून बाहेर बोलणी होईनात. मग त्याने आगीच्या इशाऱ्याची काच फोडली. ती काच फुटली की बंबखान्यात एवढंच कळे की गोदीत आग लागली आहे. पहिल्या हाकेला दोनच बंब निघाले. खरा प्रकार कळून कुमक येईपर्यंत मोलाचा वेळ गेला होता.

दुसरी गोष्ट पाण्याची. बंब आले, नळी मागून नळी खणात सोडली गेली. शेवटी ३२ बंब कामाला लागले होते आणि सुमारे ९०० टन पाणी त्या खणात गेलं. पण कापूस तरंगतो. जसजसं पाणी वाढलं तसतशा पेटत्या गाठी वर येऊ लागल्या, वरच्या मजल्यावरच्या स्फोटकांच्या दिशेने. जळता कापूस नेमका कुठे आहे हेही धुरात कळत नव्हतं. खूप वेळाने जहाजाच्या बाहेरच्या पत्र्यावरचा रंग एका जागी फुगून सोलपटायला लागला, तेव्हा आगीचं मूळ कळलं. तिथला पत्रा कापून आत थेट पाण्याचा मारा करायचा बेत ठरला. गॅसने पत्रा कापायचं यंत्र मागवलं. ते आलं, पण चाललं नाही.

तिसरी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे निर्णयाची. जहाजावर आणि धक्क्यावर त्या वेळी जबाबदार माणसांची कमतरता नव्हती. कप्तान नाइस्मिथ होते. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स होते. लष्कराच्या दारूगोळा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट तीनच्या सुमारास आले. त्यांनी माल पाहिला आणि हे उडालं तर गोदी राहणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. जहाज बुडवा, असा त्यांचा सल्ला होता. गोदीचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर यांना जहाज ओढून समुद्रात न्यावं असं वाटत होतं. दोन्ही सूचनांना अडचणी होत्या. गोदीत तळाखाली पाणी इतकं थोडं की जहाज बुडवलं तरी पेटलेला खण पूर्ण पाण्याखाली जाईल याची खात्री नव्हती. बाहेर न्यावं तर इंजिनाचं दुरुस्तीचं काम काढलेलं, दुसऱ्या बोटींनी ओढण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ओढायचं म्हणजे नळ्या काढून आग मोकळी सोडायची.

कोणती वाट बरोबर होती, यावर आज हवं तेवढं बोलता येईल. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की यांतल्या एकाच्याही हाती सगळ्यांनी ऐकलाच पाहिजे असा हुकूम नव्हता. कप्तान जहाजापुरता, बंबाचा प्रमुख आगीपुरता, लष्करी अधिकारी दारूगोळ्यापुरता, बंदराचा अधिकारी धक्क्यापुरता. प्रत्येकाने आपापल्या परीने शर्थ केली. त्यांच्यातला कोणी पळाला नाही. पण गोदी रिकामी करा, भोंगा वाजवा, शेजारच्या जहाजांना सांगा, कामगारांना फाटकाबाहेर काढा, हे सांगणारा कोणी निघाला नाही. आग विझवणाऱ्यांना धोका कळला होता. शंभर पावलांवर माल उचलणाऱ्या क्रेनचालकाला तो कळला नव्हता. अनेकजण तर गंमत म्हणून कठड्याशी उभे राहून आग बघत होते.

पावणेचारनंतर धुराचा रंग बदलला, काळा लोट उठला. मग फाळक्यातून ज्वाळा निघाली ती डोलकाठीच्या वर गेली. माणसांना जहाजावरून उतरायचा हुकूम झाला. कप्तान नाइस्मिथ सगळे उतरले का हे पाहून शेवटी उतरले.

चार वाजून सहा मिनिटांनी ‘फोर्ट स्टिकीन’चे दोन तुकडे झाले.

बारा किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. सुमारे चौदाशे किलोमीटर दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. धक्क्यावर अखेरपर्यंत नळी धरून उभे असलेले बंबवाले जागच्या जागी गेले. त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाची ६६ माणसं मेली. नाइस्मिथ यांचा देह सापडला नाही.

गोदीच्या कोंडलेल्या पाण्यात स्फोटाने उठवलेली लाट भिंतीसारखी उभी राहिली. सिंधिया कंपनीचं, म्हणजे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून उभारलेल्या कंपनीचं, ‘जलपद्म’ हे जवळपास चार हजार टनांचं जहाज जवळच होतं. लाटेने त्याचा मागचा भाग उचलला आणि धक्क्यावरच्या शेडच्या छपरावर नेऊन टेकवला. एवढं जहाज जिथे उचललं गेलं, तिथे रुळांवर उभ्या क्रेनचं काय होणार? क्रेन म्हणजे उंच, सडपातळ, वरून जड. वाऱ्याचा दाब सहन करण्यासाठी ती घडवलेली असते, पण बाजूने आलेल्या स्फोटाच्या दणक्यासाठी नाही. कुणाची दांडी पिळवटली, कुणी रुळासकट आडवी झाली, कुणाचा सांगाडा पाण्यात गेला. आणि उरलेल्यांच्या पायाखालचं सगळं जग उलथलं होतं.

मग सुमारे अर्ध्या तासाने, साडेचार वाजून गेल्यावर, दुसरा स्फोट झाला. जहाजाचा मागचा अर्धा भाग अजून पाण्यात होता आणि त्यातला खण स्फोटकांनी भरलेला होता. पहिल्या धडाक्यानंतर जखमींना उचलायला धावून आलेली माणसं या दुसऱ्यात सापडली. हा स्फोट पहिल्याहून मोठा होता असं बहुतेक साक्षीदारांचं म्हणणं. पेटत्या कापसाच्या गाठी, जळतं लाकूड, तापलेलं लोखंड आभाळात उडालं आणि मांडवी, मशीद बंदर, वाडी बंदर या दाट वस्तीवर, वखारींच्या कौलांवर बरसलं. सोन्याच्या विटाही उडाल्या. एक वीट गोदीपासून बऱ्याच अंतरावर एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्याने ती सरकारजमा केली आणि मिळालेलं बक्षीस मदतनिधीला देऊन टाकलं. पुढे कित्येक वर्षं, सत्तरच्या दशकापर्यंत, गोदीतला गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या.

शहराला वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकले. तसं वाटणं साहजिक होतं. त्याच आठवड्यांत इंफाळ-कोहिमाला जपानी फौजा भिडल्या होत्या. लोक घरं सोडून उत्तरेकडे धावले. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. ८०,००० माणसं बेघर झाली. पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळालं. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षात, रेशनवर जगणाऱ्या शहरात हे नुकसान झालं, आणि काळ्या बाजाराला ऊत आला. बातम्यांवर सेन्सॉरची कात्री होती. आपल्याच गावात काय झालं ते मुंबईकराला छापील स्वरूपात धड वाचायला मिळत नव्हतं, आणि शत्रूच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्या दिवशीच तपशील सांगितला होता. जगाच्या वर्तमानपत्रांत ही हकिगत यायला मे महिना उजाडला.

स्फोटाचं वर्णन अनेकांनी केलं आहे, आणि मराठीतही १४ एप्रिलच्या सुमाराला दरवर्षी त्यावर काही ना काही छापून येतं. लेख बहुधा सोन्याच्या विटांपाशी संपतो. मला त्याच्या पुढच्या सात महिन्यांबद्दल जास्त कुतूहल आहे, कारण खरी कसोटी तिथे होती.

बारा-तेरा जहाजं नाहीशी झाली होती. सुमारे पन्नास हजार टनांची जहाजं पूर्ण नष्ट, तेवढ्याच टनांची मोडकी. व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस, दोन्ही गोद्या बंद. दक्षिणेकडचा अलेक्झांड्रा डॉक अंतरामुळे वाचला, त्याच्यावर सगळ्या बंदराचा भार आला. आणि ही वेळ अशी की ब्रह्मदेशाच्या आघाडीचा रसद-दारूगोळा, शहराचं धान्य, सैन्य, सगळं याच बंदरातून जाणार. बंदर थांबवून चालणारच नव्हतं.

गोदी दुरुस्त करायची म्हणजे काय करायचं? पाण्याच्या तळाशी फुटकी जहाजं. त्यांतल्या काहींच्या पोटात अजून माल, आणि जिवंत दारूगोळा असण्याची भीती. ती तोडून, तरंगवून, उचलून काढल्याशिवाय नवं जहाज आत घेता येत नाही. धक्क्यावर शेडच्या भिंती, पत्रे, वाकलेले रूळ, जळक्या धान्याचे ढीग. उन्हाळा होता, मागोमाग मुंबईचा पाऊस येणार होता. भिजलेल्या, कुजलेल्या धान्याचा वास आणि रोगराईची धास्ती. एरवी असा भार गोदीत क्रेन उचलतात. इथे राडारोडा ज्यांनी उचलायचा त्या क्रेनच राडारोड्यात जमा झाल्या होत्या. आधी क्रेनचे सांगाडे कापून बाजूला काढा, मग रूळ सरळ करा, मग जमिनीखालचे नळ तपासा, मग नवी किंवा दुरुस्त क्रेन उभी करा, आणि मग कुठे तिच्याकडून पुढचं काम घ्या. युद्धकाळात इंग्लंडहून नवी यंत्रं मागवली तर ती येणार तरी कशी आणि कधी? मोडक्यातून जुळवणं हाच मार्ग होता. अशा कामात लोहाराची, फिटरची, रिवेट मारणाऱ्याची आणि दोर ओढणाऱ्याची किंमत कळते.

आठ हजार माणसं सात महिने या कामावर होती. त्यांनी सुमारे पाच लाख टन राडारोडा हलवला. आठ हजार हा आकडाच सांगतो की यंत्रं कितीही असली तरी भार मुख्यतः माणसांच्या खांद्यावर होता. सैनिक होते, आरमाराची माणसं होती, पोर्ट ट्रस्टचे अभियंते होते. आणि त्यांच्याबरोबर हजारोंनी मजूर होते. ज्या फाटकातून १४ एप्रिलला जिवानिशी बाहेर पडले, त्याच फाटकातून काही दिवसांत ती माणसं परत आत गेली. जळक्या गंजीत कुठे न फुटलेला गोळा असेल हे त्यांना माहीत होतं. वर्ष संपायच्या आत धक्के पुन्हा जहाजं घेऊ लागले. भारतातल्या बंदरांच्या इतिहासात इतक्या थोड्या वेळात इतकी मोठी उभारणी झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही, आणि त्याचं पुरेसं कौतुक झालेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

चौकशी आयोग बसला. आग मुद्दाम लावल्याचा पुरावा मिळाला नाही. कापसात अपघाताने ठिणगी पडली असावी, बहुधा विडी-सिगारेटची, असा निष्कर्ष निघाला. कापसाशेजारी स्फोटकं रचणं, धोका उशिरा ओळखणं आणि एका हाती अधिकार नसणं, यांवर बोट ठेवलं गेलं. सरकारने नुकसानभरपाईसाठी १९४४ सालीच खास वटहुकूम काढला, मालकांचे दावे घेतले, पैसे दिले. जहाजं टनांत मोजली, धान्य टनांत मोजलं, राडारोडाही टनांत मोजला.

माणसांच्या मोजणीत मात्र ही नेटकी अचूकता दिसत नाही. गोदीच्या निरनिराळ्या सेवांतली २३१ माणसं गेली, त्यांत ते ६६ बंबवाले, असा एक हिशोब आहे. एकूण मृत्यू सरकारी गणनेत सातशे-आठशेच्या घरात आहेत. इतर अंदाज तेराशेपर्यंत जातात. आकड्यांत एवढी तफावत का? माझ्या मते उत्तर त्या सकाळच्या फाटकात आहे. ज्याचं नाव हजेरीत नव्हतं, तो बेपत्ता झाला तरी यादीतून काही कमी होत नव्हतं. खोलीतली गाववाली माणसं वाट पाहून गावी पत्र टाकत असतील, किंवा पत्र लिहिणाराच उरला नसेल. टोळीवाल्याच्या तोंडी हिशोबावर चालणाऱ्या बंदराने आपली माणसं मोजायची सोयच ठेवली नव्हती.

हा प्रश्न गोदीत पुढेही धगधगत राहिला. रोज फाटकावर उभं राहून काम मागायचं, मिळालं तर खायचं, ही पद्धत मोडावी म्हणून गोदी कामगारांनी संघटना बांधल्या, संप केले. त्या लढ्यातल्या पी. डिमेलो यांचं नाव आज गोदीलगतच्या त्या रस्त्याला आहे. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला आणि काही वर्षांत मुंबईत गोदी कामगार मंडळ आलं. कामगाराला नोंदवही आली, क्रमांक आला, किमान हमी आली. १९४४ च्या स्फोटामुळेच हा कायदा झाला असं म्हणणं चुकीचं ठरेल. त्यामागे देशभरच्या बंदरांतला दीर्घ झगडा होता. पण नोंद नसलेल्या माणसाचं काय होतं हे मुंबईच्या गोदीने त्या शुक्रवारी पाहिलं होतं, हेही तितकंच खरं.

बंबवाल्यांची आठवण देशाने राखली. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो याच दिवसावरून. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, तिथे मानवंदना होते. व्हावीच. स्फोटकं आहेत हे कळल्यावरही नळी न सोडणाऱ्या त्या माणसांचं ऋण मुंबईवर कायम राहील. फक्त त्याच धक्क्यावर, त्याच मिनिटाला मेलेला क्रेनचालक, खणातला हमाल, सारंग, खलाशी यांच्यासाठी अशी जागा कुठे आहे?

पोर्ट ट्रस्टच्या जुन्या गोद्यांचाही काळ पुढे सरला. कंटेनरची जहाजं मोठी झाली, व्यापार पलीकडे न्हावा-शेव्याला गेला आणि या शतकात नव्या कंटेनर प्रकल्पासाठी प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भराव घालून बुजवण्यात आल्या. ज्या पाण्यात ‘फोर्ट स्टिकीन’ फुटलं तिथे आता जमीन आहे. त्यामुळे धक्का बघून काही आठवावं, ही सोय राहिलेली नाही. उरले आहेत ते कागद आणि घराघरांतल्या आठवणी.

म्हणून एक विनंती. कोकणात आणि घाटावर अशी कित्येक घरं आहेत जिथला आजा-पणजा १९४४ साली मुंबईच्या गोदीत होता. काही परत आले, काही आले नाहीत. तुमच्या घरात त्याचं नाव, गावाला आलेलं पत्र, पगाराची चिठ्ठी, बिल्ला किंवा नुसती ऐकीव हकिगत असेल तर ती तारीख-वार घालून लिहून काढा आणि गावच्या वाचनालयात किंवा जिल्ह्याच्या इतिहास मंडळात तिची एक प्रत ठेवा. त्या दिवशीच्या फाटकावरची हजेरी आता तुमच्याखेरीज कोणी भरू शकणार नाही.